टरेट उतरवून नेलेले रणगाडे : नगर ते झोजिला

दिवस पहिला आणि दुसरा : झेलम एक्स्प्रेस

अण्णा, माझे वडील, सैन्याच्या रिसाल्यात म्हणजे रणगाडा दलात बावीस वर्षं ड्रायव्हर होते. दफेदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं विजयंता रणगाड्याच्या पोटात, पुढच्या सीटवर गेली. सैन्यात भरती झाल्यावर नगरला शिकाऊ असताना त्यांच्या एका उस्तादांनी वर्गात १९४८ सालची, पाकिस्तानशी झालेल्या युद्धातली गोष्ट सांगितली होती : रणगाड्यांचे टरेट, म्हणजे वरचे फिरते तोफघुमट, उतरवून, वर ताडपत्री टाकून ते काश्मीरपर्यंत नेले आणि बर्फात लडाखच्या वाटेवरच्या झोजिला खिंडीवर चढवले. ती गोष्ट अण्णांच्या डोक्यातून कधी गेली नाही. पण नोकरी राजस्थान आणि पंजाबात झाली. झोजिला बघायचा राहिला तो राहिलाच.

या सप्टेंबरात आईचं वर्षश्राद्ध झालं आणि चार दिवसांनी अण्णा म्हणाले, "चल, आता जाऊन येऊ. गुडघे आहेत तोवर." मी रजा टाकली.

विमानाने जाऊ म्हटलं तर ऐकेनात. झेलम पुण्याहून निघते, नगरवरून जाते आणि थेट जम्मू तवीला पोचते. याच गाडीने ते रजेवर यायचे, याच गाडीने परत जायचे. आई नगर स्टेशनावर ज्या खांबापाशी उभी राहायची, तो खांब त्यांनी मला दाखवला. मग दौंडकडून गाडी आली आणि आम्ही चढलो.

दोन रात्रींचा प्रवास. सांगण्यासारखं फार नाही. डब्यात रजेवरून परतणारी सात-आठ पोरं होती, त्यातली दोन पारनेरकडचीच निघाली. अण्णांनी ट्रंक उघडली नाही, पण पिशवीतून पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि बाइंडिंग तारेचं वेटोळं काढून पोरांना दाखवलं. "रणगाडेवाल्याच्या पिशवीत एवढं असलंच पाहिजे," म्हणाले. मी घरी या तारेवरून त्यांच्याशी वाद घातला होता, ते आठवून गप्प बसले.

दिवस तिसरा : जम्मू, अखनूर, नौशेरा, चिंगस, राजौरी

झोजिला बघायला जाणारी माणसं जम्मूहून सरळ श्रीनगरचा रस्ता धरतात. आम्ही पश्चिमेकडे वळलो, कारण मला आधी दुसरा एक रस्ता बघायचा होता. नौशेरा ते राजौरी.

जम्मूतून ठरवलेली गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही पुढचे सहा दिवस आमच्यासोबत राहिले. मुलगा राजौरीचाच, पंचविशीतला. अण्णांना तो पहिल्या दिवशी 'बाबाजी' म्हणत होता. दुसऱ्या दिवसापासून 'उस्तादजी' म्हणू लागला. का, ते पुढे येईल.

अखनूरला चिनाब ओलांडली. पाणी राखाडी आणि जोरात. तिथून रस्ता टेकड्यांत शिरतो. बाजूला मक्याची कणसं घरांच्या छपरांवर वाळत घातलेली, आणि जसजसं वर जावं तसतशी चीडची, म्हणजे पाइनची, झाडं दाट होत जातात. नौशेऱ्यात ब्रिगेडियर उस्मान यांची आठवण अजून ताजी आहे. 'नौशेऱ्याचा सिंह' म्हणतात त्यांना. नौशेरा त्यांनी राखलं आणि ३ जुलै १९४८ला झांगडला ते धारातीर्थी पडले. तिथे थोडा वेळ थांबून आम्ही पुढे निघालो.

आता मी ज्यासाठी आले होते तो रस्ता.

एप्रिल १९४८. राजौरी शत्रूच्या ताब्यात होती आणि तिथल्या लोकांवर जे गुजरलं होतं त्याच्या बातम्या रोज येत होत्या. फौजेला लवकरात लवकर तिथे पोचायचं होतं. पुढे पायदळाची चौथी डोग्रा, सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे हलके रणगाडे. पण रस्ता पार बंद केलेला. चीडची मोठमोठी झाडं आडवी पाडलेली, त्यांच्या आजूबाजूला सुरुंग, मोऱ्या उडवलेल्या, आणि या सगळ्यावर वरून मशिनगन रोखलेल्या. रणगाडा कितीही दणकट असला तरी सुरुंगावर त्याचा पट्टा गेला की तो जागच्या जागी बसतो. मग मागची सगळी फौज अडकते.

वाट मोकळी करायचं काम बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकडीकडे होतं आणि तिचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० साली शिपाई म्हणून भरती झालेले. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र पुण्यात खडकीला आहे, म्हणजे आपल्या दारातच.

८ एप्रिलला सकाळी ११ वाजता नदपूरजवळ राणेंची तुकडी रणगाड्यांपाशी काम सुरू करायच्या तयारीत असताना उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान जागीच गेले. पाच जखमी, त्यात स्वतः राणे. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि कामाला लागले. दुपारी बरवाली टेकडी हाती आल्यावर रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणायला घेतला तो रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात, दुपारी तीनला वळणरस्ता तयार. मग एक झाडांचा अडसर, तीनशे यार्डांवर दुसरा, त्यापुढे उडवलेली मोरी. १० तारखेला पावणेपाचला अंधारातच पाच मोठ्या झाडांचा अडसर हातात घेतला आणि साडेसहाला मोकळा केला. रणगाडे पुढे जाऊन रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. राणे मात्र मागच्या गाड्यांसाठी रस्ता साफ करत राहिले. रात्री नऊपर्यंत, पोटात अन्न नसताना. ११ तारखेला सकाळी ११ला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत होती.

परमवीरचक्र राणेंना हयातीत मिळालं. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये हे चार दिवस तासातासाने शिकवायला हवेत. नुसतं 'पराक्रम गाजवला' असं एक वाक्य देऊन भागत नाही. पराक्रम काय होता तो या वेळापत्रकात दिसतो.

एक गोष्ट परमवीरचक्राच्या मानपत्रात नाही, पण राणेंबद्दल ती नेहमी सांगितली जाते. सुरुंगांचा एक पट्टा असा होता की बाहेर डोकं काढलं तर गोळी लागणार. राणे रणगाड्याच्या खाली शिरले. रणगाडा सरकेल तसे पोटावर सरकत पुढचे सुरुंग काढत गेले. वरच्या ड्रायव्हरला त्यांचं बोलणं ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून दोन दोऱ्या घेतल्या. एक ओढली की चल, दुसरी ओढली की थांब.

चिंगसच्या अलीकडे आम्ही गाडी थांबवून पात्रात उतरलो. अण्णा गुडघे सांभाळत, माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले. पात्रात गोल गुळगुळीत धोंडे, मुठीएवढ्यापासून टरबुजाएवढे. अण्णांनी एक मुठीएवढा उचलला, तळहातावर तोलला. "हा बघ. हा वैरी. मोठा धोंडा दिसतो, त्याला टाळता येतं. हा पट्टा आणि दातेरी चाकाच्या मधी जातो. गेला की पट्टा उतरतो. आणि उतरलेला पट्टा गोळीबारात चढवायचा म्हणजे..." पुढे बोलले नाहीत. दगड परत जिथून उचलला होता तिथेच ठेवला.

"दोऱ्यांचं काय वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"वरचा ड्रायव्हर कोण होता गं?"

मला माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, "त्याच्या पायाखाली क्लच आहे. क्लच जरा फसकन सुटला तर गाडा हातभर उडी मारतो. खाली साहेब आहे. त्या माणसाचा पाय किती स्थिर असंल." ही बाजू माझ्या कधी मनातच आली नव्हती.

चिंगसला मुघलांची सराय आहे. जहांगीर काश्मीरहून परतताना वाटेत मरण पावला तेव्हा त्याची आतडी इथे पुरली, असं सांगतात, आणि चिंगस या नावाचा अर्थच आतडं, असंही सांगतात. सराय छान राखली आहे. मुक्काम राजौरीत.

दिवस चौथा : मुघल रोड

राजौरी, थानामंडी, बफलियाझ, आणि तिथून मुघल रोडने पीर पंजाल ओलांडून शोपियान. हा रस्ता मला जन्मभर पुरेल इतका सुंदर आहे, पण त्याचं वर्णन इथे करत बसत नाही. बकरवालांचे कळप खाली उतरू लागले होते. एकेका वळणावर पंधरा-पंधरा मिनिटं मेंढरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहत जायची, मागून घोड्यावर पोतं-भांडी-कोंबड्या आणि मधेच ओढणीत बांधलेलं तान्हं मूल.

चंडीमढच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आपटली आणि खालून खरखर आवाज यायला लागला. सायलेन्सरला धरून ठेवणारं रबर तुटलं होतं, सायलेन्सर रस्त्यावर घासत होता. गॅरेज शोपियानपर्यंत नाही. फोनला रेंज नाही. ड्रायव्हरचा चेहरा उतरला.

अण्णांनी पंचा रस्त्यावर अंथरला, स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. मी नको-नको म्हणत होते तोवर त्यांचे फक्त पाय बाहेर होते. "पक्कड दे. तार दे. पाणी आण, पाइप तापलाय." तार चारपदरी केली, जुन्या कडीतून ओवली, पाइपला थेट न लावता मधे चपटा दगड... नाही, दगड नाही, ड्रायव्हरने टाकून दिलेला पत्र्याचा डबा चेपून त्याची पट्टी केली आणि ती मधे घातली. "नुसती तार तापून मऊ पडती," खालून आवाज आला. मग पक्कडीने पिळे दिले. मी मोजले, नऊ.

काम झालं तरी अण्णा लगेच बाहेर आले नाहीत. मी वाकून बघितलं. ते गाडीच्या पोटाकडे बघत निजले होते. नाकापासून इंजिनाच्या तळापर्यंत वीतभर अंतर.

"राणेसाहेबांच्या अंगावरनं हे चालत होतं," म्हणाले.

मग मी हात दिला आणि ते बाहेर आले. ती तार कारगिलला जाऊन परत जम्मूला येईपर्यंत सुटली नाही. त्या दिवसापासून पोरगा 'उस्तादजी' म्हणू लागला.

पीर की गलीला, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, जियारतीपाशी, म्हणजे दर्ग्यापाशी, लंगर आहे. गरम भात आणि राजमा खाल्ला. अण्णांचा हात भाजला होता, ते त्यांनी तिथे जेवताना चमचा डाव्या हातात धरला तेव्हा कळलं.

दिवस पाचवा : श्रीनगर ते सोनमर्ग

श्रीनगरात फक्त सकाळ काढली. डाल लेकवर अण्णांचं मन रमेना. शालटेंगला जायचं होतं. श्रीनगरच्या पश्चिमेला, आता शहरात मिसळून गेलेलं. ७ नोव्हेंबर १९४७ला इथे सातव्या लाइट कॅव्हलरीच्या चिलखती गाड्यांनी पाकिस्तानातून आलेल्या टोळीवाल्यांच्या पाठीमागून येऊन श्रीनगर वाचवलं. रणगाडे तेव्हा काश्मीरच्या खोऱ्यात नव्हते. ते आले वर्षभराने, याच सातव्या लाइट कॅव्हलरीचे.

कसे आले, हे समजायला आमच्या प्रवासाचा थोडा उपयोग झाला. आज जम्मूहून श्रीनगरला येताना बोगद्यांतून सरळ निघता येतं. १९४८ साली बनिहालचा जवाहर बोगदाही नव्हता, तो १९५६चा. रस्ता पीर पंजालच्या खांद्यावरून नऊ हजार फुटांवरून जायचा आणि वाटेतले पूल हलक्या गाड्यांसाठी बांधलेले. स्टुअर्ट रणगाडा रणगाड्यांत हलकाच, पंधरा टनांच्या आसपास. महायुद्धात सातव्या कॅव्हलरीने इंफाळ आणि ब्रह्मदेशात हेच गाडे चालवले होते. ३७ मिलिमीटरची तोफ, चार माणसं. युरोपच्या रणांगणावर तोवर तो कधीच जुना ठरला होता. पण पुलांना त्याचंही ओझं झेपणारं नव्हतं.

म्हणून टरेट उतरवले. टरेट वेगळे, गाडे वेगळे. वजन विभागलं गेलं. शिवाय टरेट नसलेला रणगाडा ताडपत्रीखाली झाकला की लांबून बघणाऱ्याला तो रणगाडा वाटत नाही, आणि ही बातमी फुटली असती तर सगळंच फसलं असतं. काही पुलांवर गाडे विंचने ओढून घेतले.

हे मी वाचलेलं अण्णांना सांगत होते, गांदरबलच्या पुढे सिंध नदीच्या (सिंधू नव्हे) काठाने जाताना. भातं पिवळी झाली होती, काही शेतांत कापणी चालू होती. अण्णा ऐकत होते आणि मान हलवत होते, पण त्यांना पटत नव्हतं असं नाही, ते काम मनात करून बघत होते.

"टरेट उचलायला क्रेन लागती," शेवटी म्हणाले. "आमच्याकडं वर्कशॉप होतं, सपाट काँक्रीट होतं, तरी दहा माणसं दम धरून उभी राहायची. टरेट सरळ वर आला पाहिजे. जरा तिरका झाला की खालच्या कड्याला मार बसतो. त्या कड्यात गोळ्या असतात, बेरिंगच्या. कड्याला पोचा आला की टरेट पुन्हा फिरत नाही. आणि टरेट फिरत नाही म्हणजे तोफ असून नसल्यासारखी. उतरवताना वाळूचा एक खडा आत गेला तरी चढवल्यावर त्रास. त्यांनी रस्त्याच्या कडंला, थंडीत उतरवला. नेला. परत चढवला. आणि तो फिरला."

थोड्या वेळाने पुन्हा : "फिरला, गं."

इतिहासाच्या पुस्तकात या लढाईतल्या सेनापतींची नावं असतात आणि ती असायलाच हवीत. श्रीनगरच्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल थिमय्या, ७७ पॅरा ब्रिगेडचे ब्रिगेडियर अटल, सातव्या कॅव्हलरीचे लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, ज्यांना सगळे 'स्पॅरो' म्हणत. त्या वेळी जम्मू-काश्मीरमधल्या सगळ्या फौजेची जबाबदारी असलेले लेफ्टनंट जनरल श्रीनागेश तर कोल्हापुरात जन्मलेले. पण बेरिंगच्या कड्यावर फडकं धरून उभा असलेला फिटर कोण होता, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. तो होता, एवढं आता मला माहीत आहे.

सोनमर्गला पोचलो तेव्हा चार वाजले होते. अण्णांचं डोकं दुखत होतं. लसणाचं सूप पाजलं आणि लवकर झोपवलं.

दिवस सहावा : बालटाल, झोजिला, गुमरी, द्रास

सकाळी सहाला निघालो. अण्णांचं डोकं थांबलं होतं. बालटालला, जिथून अमरनाथची यात्रा निघते, तिथे आता यात्रा संपल्यामुळे शुकशुकाट होता. एका बाजूला झोजिलाच्या बोगद्याचं काम चालू आहे, त्याची यंत्रं आणि पिवळे दिवे. तेरा किलोमीटरच्या वरचा बोगदा होतो आहे. तो झाला की लडाख हिवाळ्यातही जोडलेला राहील.

बालटालहून वर बघितलं की रस्ता भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघेसारखा दिसतो. डावीकडे कडा, उजवीकडे खाली सिंधची दरी. १९४८च्या उन्हाळ्यात खिंड शत्रूच्या हातात गेली होती. कारगिल आणि द्रासही गेले होते. स्कार्दूचा किल्ला लेफ्टनंट कर्नल शेर जंग थापांनी महिनोन्‌महिने लढवला, तो ऑगस्टमध्ये पडला. लेहला त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मेजर पृथी चंद थोड्या स्वयंसेवकांना घेऊन याच खिंडीतून बर्फ तुडवत पोचले होते म्हणून लेह टिकून होतं. पण रस्त्याने मदत पोचवायची तर खिंड हवी. सप्टेंबरमध्ये पायदळाने हल्ले केले, ते फसले. खडकांत कोरलेल्या मोर्चांमधून मशिनगन चालत होत्या. त्यांच्यापुढे उघड्या छातीने चढणं म्हणजे माणसं वाया घालवणं होतं.

बालटालपासून वर होती ती खेचरांची पायवाट. मद्रास सॅपर्सच्या दोन कंपन्यांनी ती सुरुंग लावून, खणून, रणगाडा जाईल एवढी रुंद केली. समोरून गोळीबार होत असताना. दक्षिणेतली माणसं, ज्यांनी बर्फ कधी पाहिला नसेल. हल्ला ऑक्टोबरअखेरीस ठरला होता तो बर्फवृष्टीमुळे पुढे ढकलावा लागला.

१ नोव्हेंबर १९४८. दुपार. रणगाडे खिंडीवर चढले. सगळ्यात पुढच्या गाड्यात थिमय्या स्वतः बसले होते, असं सांगतात. जगात एवढ्या उंचीवर तोवर रणगाडे लढले नव्हते. समोरच्या मोर्चांमधल्या माणसांना पर्वताच्या भिंतीतून रणगाडा येईल हे स्वप्नातही नसणार. ३७ मिलिमीटरची ती जुनी तोफ थेट मोर्चांच्या तोंडात गोळे टाकत गेली. मागून पायदळाची पहिली पतियाळा चढली. संध्याकाळपर्यंत गुमरीचं पठार हाती आलं.

आम्ही खिंड चढायला लागलो तेव्हा वाहतूक एकेरी सोडलेली होती. अण्णा खिडकीकडेला बसले होते आणि काही बोलत नव्हते. एका नागमोडी वळणापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरले. रस्त्याच्या रुंदीवर पावलं टाकली. मग जिथे कडा सुटतो तिथे उभे राहून खाली बघितलं.

"मोटारीचं चाक वळतं," ते म्हणाले. "रणगाड्याचं वळत नाही. एका बाजूचा पट्टा धरायचा, दुसऱ्या बाजूचा चालवायचा, मग तो जागेवर घसटत फिरतो. घसटला की खालची माती ओरबाडती. पक्क्या रस्त्यावर चालतं. इथं तवा नुसती खणलेली माती, त्यावर बर्फ. दरीकडचा पट्टा धरला तर कड तुटंल. डोंगराकडचा धरला तर शेपूट दरीवर जाईल. मग थोडं पुढं, थोडं मागं, थोडं पुढं, थोडं मागं. आणि ड्रायव्हरला तर काही दिसत नाही, त्याला समोरची एवढी फट. बाहेर उभा असतो त्याच्या हाताकडं बघायचं. बास."

थंड वाऱ्यात त्यांचे डोळे पाणावले होते. मी मफलर गुंडाळून दिला.

वर, साडेअकरा हजार फुटांच्या वर, पर्यटकांची बर्फात खेळायची गर्दी असते तिथे आम्ही थांबलो नाही. गुमरीला १९४८च्या लढाईचं स्मारक आहे. अण्णा बूट सारखे करून, टोपी काढून उभे राहिले. मीही. दहा-बारा मिनिटं असतील. तिथल्या पहाऱ्यावरच्या जवानाने विचारलं, कोणती पलटण? अण्णांनी सांगितलं. त्याने कडक सॅल्यूट ठोकला आणि आतून चहा आणवला. पितळी पेला होता, त्याच्या काठावर पोचा. चहा खारट नव्हता, आपल्यासारखा गोड, आल्याचा. तो जवान सांगलीचा निघाला.

पुढे मचोई, मीनामर्ग, मटायन. हिरवं काश्मीर खिंडीच्या मागे राहिलं, इथून डोंगर उघडे, तांबूस आणि जांभळट. द्रासला मुक्काम. रात्री पाण्याच्या बाटलीत बर्फाचे कण झाले.

दिवस सातवा : द्रास आणि कारगिल

द्रासचं १९९९च्या युद्धाचं स्मारक बहुतेक मराठी पर्यटकांनी पाहिलेलं आहे. तोलोलिंगच्या पायथ्याशी आहे, तिथून टायगर हिलही दिसतं. त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी वेगळं काय लिहू. एवढंच वाटलं, की भिंतीवरची नावं वाचणारी माणसं ज्या रस्त्याने इथे येतात, तो रस्ता १९४८ साली उघडला नसता तर १९९९ला लढायला ही जागा आपल्याकडे असती का. नोव्हेंबरच्या मध्याला द्रास परत आलं. २४ नोव्हेंबरला कारगिलपाशी झोजिलाकडून गेलेली फौज आणि लेहहून आलेली फौज एकमेकांना भेटल्या. १ जानेवारी १९४९ला युद्धविराम. मधे पाच-साडेपाच आठवडे. झोजिला आणखी एक हिवाळा बंद राहिली असती तर त्या दिवशी रेषा कुठे असती याचा विचार करवत नाही.

कारगिलला सुरू नदीच्या काठी जर्दाळू विकत घेतले, सुकवलेले. अण्णांनी गावाकडच्या सगळ्यांसाठी वेगवेगळ्या पुड्या बांधून घेतल्या.

दिवस आठवा : परत, झोजिला

परतीला खिंडीत अडकलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, एका वळणावर चिखल, आणि सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक वळताना मधेच थांबलेला. मागचं चाक कडेच्या अगदी जवळ. ड्रायव्हर पोरगेला, बाजूला क्लीनर नाही. मागे-पुढे दोनदा करून बघितलं, प्रत्येक वेळी मागचं चाक आणखी कडेकडे सरकलं. मग त्याने हात सोडून दिले. दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले.

मी अण्णांकडे वळले तर ते सीटवर नव्हते.

ते ट्रकच्या समोर, दहा पावलांवर, चिखलात उभे होते. पाय फाकवून. हॉर्न वाजवणाऱ्यांकडे त्यांनी एकदा हात दाखवला आणि ते गप्प झाले. मग ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं. दरीकडे नको बघू, माझ्याकडे बघ. दोन्ही हात छातीसमोर, तळवे आपल्याकडे, बोटं हळूहळू हलवत. ये. ये. उजवी मूठ बंद. पोराला मुठीचा अर्थ कसा कळला कोण जाणे, पण चाक वळलं. थांब. तळवे उलटे. मागे. वीतभर. थांब. आमच्या ड्रायव्हरने दोन धोंडे आणून मागच्या चाकाखाली लावले. पुन्हा ये. डावी मूठ. थोडं मागे. पुन्हा ये.

पाचव्यांदा ट्रक वळणातून सुटला. अण्णा मागे मागे सरत, हात तसेच छातीसमोर धरून, त्याला सरळ रस्त्यावर येईपर्यंत घेऊन आले. मग कडेला झाले. जाताना त्या पोराने खिडकीतून हात बाहेर काढला आणि अण्णांनी मफलरला हात पुसत मान हलवली. गाडीत येऊन बसले, बुटाला गुडघ्यापर्यंत चिखल.

"चल," ते ड्रायव्हरला म्हणाले. "आणि पुढं थांबलास की सायलेन्सरची तार बघ एकदा."